ओंगारमधलं नीलाचं रोम

शनिवारी दुपारी नीला हातातलं घड्याळ काढून फ्रिजमध्ये, दह्याच्या डब्याशेजारी ठेवायची.

"अवं, रोमन माणूस दुपारी काम बंद करायचा," ती मला म्हणाली. "मग सार्वजनिक स्नानगृहात जायचं, तेल चोळून घ्यायचं, गप्पा ठोकायच्या, फासे टाकायचे. साम्राज्य काही बुडालं नाही."

"बुडालं की!"

"पण आंघोळीनं नाही ना बुडालं!"

नीला नागपूरची. वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. डब्लिनच्या पश्चिमेला ओंगारच्या नव्या वसाहतीत आमच्या समोर एकटीच राहायची. सुट्टी मिळाली की स्वस्तातलं विमान पकडून रोमला जायची आणि तिथले लोक पूर्वी फावल्या वेळात काय करायचे, तेवढंच शोधत फिरायची. मला हे सगळं रिकामपणाचं वाटायचं. फावला वेळ मला नव्हताच. होती ती रेवाची काळजी.

रेवा माझी मुलगी, सहा वर्षांची. पुण्याहून आल्यापासून तिनं बोलणं जवळजवळ टाकलं होतं. शाळेत एक शब्द नाही, घरी नुसती मान हलवायची. मी तिला डॉक्टरांना दाखवलं, चित्रांची पुस्तकं आणली, रोज समोर बसवून "आज काय झालं, सांग ना" म्हणत राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

एकदा मला ऑफिसात थांबावं लागलं, म्हणून तिला नीलाकडे ठेवलं. न्यायला गेले तर दोघी जमिनीवर पालथ्या. तीन अक्रोड खाली, एक वर, आणि लांबून अक्रोड मारून तो किल्ला पाडायचा. रोमन पोरांचा खेळ. मी दारात असतानाच रेवा म्हणाली, "मावशी, तू पुढे सरकलीस! चीटिंग!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळंच काही ते आनंदाचं नव्हतं.

मग रेवा रोज तिकडेच. मी खिडकीतून बघायची. समोरच्या घरात हसू फुटायचं आणि इकडे माझा कुकर उगाच आदळला जायचा.

उन्हाळ्यात नीलानं वसाहतीच्या हिरवळीवर रथांची शर्यत भरवली. रोमसारखेच चार संघ: तांबडे, पांढरे, हिरवे, निळे. चाकांच्या सुटकेसना दोऱ्या बांधलेले रथ, आणि घोडे म्हणजे आमची आणि आयरिश शेजाऱ्यांची मुलं. रेवा हिरव्यांची. वळणावर त्यांचा रथ कलंडला, तशी ती घसा फोडून ओरडली, "उचला! पळा! हिरवे! हिरवे!" अख्खी गल्ली तिच्याकडे बघायला लागली.

शेजारची मॉरीन नीलाला म्हणाली, "ग्रँड आहे हं तुझी मुलगी! अगदी तुझ्यावर गेलीय."

"माझी नाही, हिची," नीलानं घाईघाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी हसले. कशी हसले ते माझं मला माहीत.

सगळे पांगल्यावर ती दोऱ्या गुंडाळत होती. मी विचारलं, "माझ्याशीच का बोलत नाही गं ती?"

"कारण ती बोलली काय, न बोलली काय, मला फरक नाही पडत. आम्ही खेळून राहिलो, बस. तुझ्यासमोर पोट्टी पेपर देऊन राहिली, मेघना."

"स्वतःचं मूल असतं म्हणजे कळलं असतं तुला."

तिचे हात थांबले. "हो," ती हळूच म्हणाली. "मग मीही तुझ्यासारखीच घाबरली असती."

ती चुकली असती तर आला असता, त्याहून जास्त राग मला तिचं म्हणणं खरं होतं म्हणून आला. तरी दुसऱ्या दिवशी अक्रोड आणले आणि काही न विचारता रेवासमोर जमिनीवर बसले. तिनं जिंकावं म्हणून मुद्दाम नेम चुकवत होते. बऱ्याच वेळानं ती वैतागली. "आई, नीट खेळ ना!"

मी नीट खेळले. हरले, तेही खरोखरीचं.

२००७ मध्ये नीला सिंगापूरच्या नोकरीवर गेली. विमानतळावर रेवा तिच्या गळ्यात पडून किती तरी वेळ बोलत होती. काय ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही, एवढं मी शिकले होते.

आता रेवा मोठी झालीय, भरपूर बोलते. तरी काही चांगलं घडलं, काही बिनसलं, की पहिला फोन सिंगापूरला जातो. दुसरा मला येतो. अजूनही ते टोचतंच. पण फोन मी पहिल्या रिंगला उचलते.