गोठवलेली कांडी आणि दादांचा अबोला

नातीनं परवा वाचून दाखवलं, परदेशात काही माणसं, मेल्यावर आपला मेंदू गोठवून ठेवा, असं आधीच सांगून ठेवतात म्हणं. पुढं कधी तरी तो जागा करता येईल या आशेवर. "आजोबा, खरंच जागा होईल का हो?" तिला वाटलं म्हातारा हसंल. मी हसलो नाही. हा सवाल मी चाळीस वर्षांमागंच विचारून बसलोय.

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण भूमकडं आमच्या गावात दूध सोसायटी निघाली, तेव्हा गोठवलेल्या बिजाची टाकी सांभाळायचं काम मलाच दिलं. टाकीत बर्फाहून कितीतरी गार नायट्रोजन, त्यात बुडवलेल्या वळूच्या बिजाच्या बारीक कांड्या. वळू मेला तरी त्याचं वासरू जन्माला यायचं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, ऐकीव नाही.

जनावरांच्या डॉक्टरांची एकच ताकीद होती, कांडी टाकीच्या गळ्याच्या वर काढायची नाही, ऊब लागली की बीज मरतं. एका बाजारादिवशी पारावरची माणसं बघायला आली. मी ऐटीत एकेक कांडी वर काढून दाखवली, परत बुडवली. कांडी दिसायला होती तशीच. पण त्या खेपेला एकही गाय गाभण राहिली नाही. मी चूक कबूल केली नाही. गायाच दुष्काळानं खंगल्यात म्हणालो.

त्याच साली माझे थोरले भाऊ, दादा, विहिरीचं काम करताना कडेवरून आत पडले. तीन दिवस बेशुद्ध होते, तसेच गेले. आठ वर्षं ते माझ्याशी बोलले नव्हते. मोठ्या दुष्काळात ते सरकारी कामावर खडी फोडायला गेलेले असताना मी न विचारता जोडीतला एक बैल विकला होता. घर एकच. जेवायला शेजारी बसायचो, तरी वहिनीला म्हणायचे, "त्याला म्हणावं, भाकरी गार व्हायली."

मीही कमी नव्हतो. "दादांना म्हणावं, मला गारच लागती."

"तुमच्या दोघांत मी पोस्टमन झाले," वहिनी म्हणायची, "पगार तरी द्या!"

दहावा झाल्यावर मी डॉक्टरांना गाठलं. "साहेब, बीज जागं होतं, मग माणसाचं डोकं का होऊ नये?"

"बिजाला काही आठवायचं नसतं हो. डोकं म्हंजे आठवणी."

"त्या पण गोठतील की."

"गोठतील. पण जित्या राहिल्या का मेल्या, ते वरून कसं कळणार? कांडी तरी कळली का तुम्हाला?"

माझी मान खाली गेली. त्यांना सगळं ठाऊक होतं.

दादांना तर आम्ही अग्नी दिला. तरी मी मनात धरून बघतो, की त्यांचं डोकं कुणी राखलं आणि उठवलं. ते गोड हसून म्हणाले, "काय रे, बरा हाईस का?" तर मी म्हणीन, हे दादा न्हाईत. राग गळून गेलेला माणूस घेऊन मी काय करू? मला रागावलेल्या त्याच दादांची माफी मागायचीय.

नातीला म्हणालो, "जागं करणं जमंल का न्हाय, मला ठाऊक न्हाय. पण माणूस तोच हाय का, हे शास्त्रज्ञाला कळायचं न्हाय. घरच्याला बोलवावं लागंल. मला बघून तोंड फिरवून बसले, तर ते दादाच."

"आणि मग?"

"मग आधी मी बोलीन."