आंबिवलीची दाढ, वर्तकनगरची दाढ

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. वडील कारखान्यात कामगार, माझी शाळा शहापूरची. दातांच्या कॉलेजची पहिली फी गणिताच्या मास्तरांनी भरली, बाकीचं शिष्यवृत्तीवर निभावलं. ते उपकार मनात ठेवूनच मी दवाखाना आंबिवलीच्या कामगारवस्तीत काढला. आपल्या लोकांना दातांचा चांगला डॉक्टर मिळावा, एवढीच इच्छा होती.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. सकाळी मी आंबिवलीत बसायचो आणि संध्याकाळी ठाण्याला, वर्तकनगरमधल्या एका जुन्या डॉक्टरांकडे. हात तोच, शिक्षण तेच. पण वर्तकनगरला एका रूट कॅनालचे जे मिळत, ते आंबिवलीत आठवडाभर दात उपटूनही मिळत नसत. आंबिवलीत रूट कॅनाल सांगितलं की माणसं म्हणत, चार खेपा कोण घालणार, काढून टाका. पुढे पुढे मी सांगायचंच सोडून दिलं. जुने डॉक्टर हसून म्हणायचे, "तिकडे तुझी समाजसेवा, इकडे प्रॅक्टिस." मला राग यायचा, कारण ती समाजसेवाच आहे असं मी खरोखर मानत होतो.

एकदा आंबिवली स्टेशनबाहेर मासळी विकणारी मावशी गाल धरून आली. हातात सोन्याच्या पाटल्या होत्या, पण मी पाहिली ती दाराशी ठेवलेली टोपली. दाढ काढावी लागेल, म्हणालो. ती खुर्चीत बसली, मी काढली.

दोनेक महिन्यांनी तीच मावशी वर्तकनगरला लेकीला घेऊन आली. लेक तिथल्याच वसाहतीत दिलेली. मी लेकीची दाढ तपासली आणि समजावू लागलो, की मुळं साफ करून वर कॅप बसवली तर दाढ वाचेल. मावशी शेजारी उभी राहून ऐकत होती.

"माझी पण वाचली असती?"

खोटं बोलवेना. मी हो म्हणालो.

"मग मना तवा का नाय सांगितलंस? पैसं नसतील, असा तूच ठरवलास?"

ठाण्यातल्या एकाही पेशंटबद्दल मी असं ठरवलं नव्हतं. ज्यांच्यातून वर आलो, त्यांच्याबद्दल ठरवलं, तेही न विचारता.

मावशीने लेकीला खुर्चीतून उठवलं आणि जुने डॉक्टर येईपर्यंत दोघी बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. ती दाढ त्यांनीच केली.