कोरीव दाराला कडी

आमच्या सैपाकघराच्या मागं गच्ची आणि गच्चीला कठडाच नाय. बांधायचा राहिलाय म्हनून मालकीन सांगते, आमी राहायला आलो तवापासून तेच सांगते. खाली सिमेंटचा रस्ता. पोर माझी नुकती दोन वर्षांची, आणि गच्चीच्या दाराची कडी खाली, तिच्या हाताला पुरंल अशी. ती उघडायला शिकली त्या दिवसापासून माझं जेवन गेलं.

एकदा मालकीन बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर येऊन बोंबील वाळत घालत होती. कावळा आला, पोर त्याच्यामागं धावली, पार कडेला. मी ओली कनीक हाताला तशीच घेऊन पळाले, मागून फ्राक धरला. तिचा एक पाय बाहेर होता. मालकीन जागची हलली नाय.

"पोर सांबाळता येत नाय तर कशाला काढता गो तुमी?" म्हनाली. "बांधून ठेव खाटेला."

मी म्हटलं, "काकी, दाराला वरती एक कडी लावते. तुमाला काय करायला नको, मीच लावते."

"त्या दाराला? हात तर लावून बघ."

दार तिच्या जुन्या घराचं, सागाचं. बाहेरच्या अंगाला वेलबुट्टी कोरलेली, ती त्याला फडक्यानं तेल पुसते. घर बिल्डरला दिलं, दार नाय दिलं. आमच्या पोरीचं काय व्हायचं ते होऊ दे, दाराला भोक नको.

नवऱ्याला सांगितलं. तो जासईकडं कंटेनरच्या यार्डात कामाला, घरी येतो तो झोपायलाच. "तिच्या तोंडाला लागू नको," म्हनाला आणि कूस बदलली. म्हनजे तोंडाला मी लागायचं नाय आणि पोरीनं मरायचं?

मी माहेरी गेले, बाबाचं हातानं फिरवायचं ड्रिल पिशवीत घालून आनलं. लाइटवरचं ड्रिल आवाज करतं, खालच्या घरात मालकिनीला ऐकू गेलं असतं. कडी आनि स्क्रू बाजारातून आनले. साग असला कडक की भोक पाडल्याशिवाय स्क्रू आत शिरत नाय, नुसता फिरतो. आनि भोक पार गेलं तर तिकडून दिसनार, मेलेच.

बाबा करायचा तसंच केलं. ड्रिलची सळई दाराच्या कडेला आडवी धरली, दार किती जाड ते बघितलं. मंग टोकापासून त्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त मापून तिथं चिकटपट्टी गुंडाळली, एक शेपूट मोकळं सोडलं, झेंड्यासारखं. आत जाताना ते शेपूट लाकडाला टेकून भुसा झाडायला लागलं की थांबायचं. आठवीत शाळा सुटली माझी, पन हे समजतं मला.

मालकीन जेवून झोपली असंल असं धरून चढले स्टुलावर. पोर खाली माझा परकर ओढतेय. पहिलं भोक, शेपूट फिरलं, भुसा उडाला, थांबले. दुसरं तसंच. तिसरं तसंच. मला वाटलं जमलं. चौथं कोपऱ्यातलं. फिरवतेय, शेपूट अजून लाकडापासून लांब, आनि एकदम हात हलका झाला. सळई ओढली तर भोकातून ऊन आलं, सुईएवढं.

मंग डोक्यात आलं. मी जाडी मापली कडेला. तिकडच्या बाजूला नेमकं तिथं फूल कोरलेलं, खोल. तिथं लाकूडच कमी.

पोर खाली रडायला लागलेली. मी ते भोक सोडलं, तीन स्क्रू पिळले, वरच्या चौकटीचं कडं बसवलं, कडी सरकवली. आनि बाहेर चपला वाजल्या. बोंबील उलटायला आली ती. मंग भोकातून खराट्याची काडी आत आली, वळवळली.

"काय गो हे? काय केलंस?"

मी सरकवलेली कडी तशीच धरून ठेवली.

"उघड दार! काढ ती कडी, भिकारडे! माझ्या सासऱ्यानं कोरून घेतलेलं दार हाय ते!"

दारावर थापा. वाटलं उघडावं, पाया पडावं. पन उघडलं असतं तर तिनं कडी उपटून टाकली असती, आनि पोर परत कडेला. मी चिकटपट्टी सोडली, टोकाकडं सरकवून परत गुंडाळली, फुलापुढं लाकूड पातळ म्हनून. आनि त्या फुटक्या भोकाच्या खाली, बोटभर सोडून, कडीच्या पत्र्याला अजून एक भोक होतं, त्यातून परत फिरवायला लागले.

"काय करतंस आत?"

"राहिलेलं भोक पाडतेय, काकी."

"आता अजून पाडतंस? माझ्यासमोर?"

"एक तर दिसलंच ना तुमाला."

तिनं काय काय शिव्या दिल्या, माझ्या माहेराला दिल्या, पोरीला दिल्या. शेपूट टेकलं, भुसा झडला, मी थांबले. हे आरपार गेलं नाय.

"घर खाली कर! महिना संपला की चालती हो इथनं!"

"होऊ. तवर कडी राहील."

स्क्रू पिळला, हाताला फोड आला. मंग मी स्टुलावरून उतरले. आमी कुठं जानार, नवरा काय म्हननार, काय माईत नाय. पोर दाराकडं धावली, खालची कडी तिनं पयल्यासारखी खडखडवून काढली, दोन्ही हातांनी दार ओढलं. दार आलं नाय. तिनं माझ्याकडं बघितलं, वरती बघितलं, आनि फरशीवर लोळून जी बोंब मारली की बाहेरची सुदा गप्प झाली.

रडू दे. घरातच रडतेय.