एक जूनची पत्रिका

आता हसू नका बरं, सांगतो. भरल्या सभेत माणसाचं नाक कसं कापलं जातं, ते मी पाहिलंय. नाक माझंच होतं!

आमच्या जळगाव जामोदच्या वाचनालयात एक ज्योतिषी महाराज आले होते. विषय, थोर लेखकांच्या पत्रिका. पडद्यावर एकेकाची कुंडली दाखवायचे आणि म्हणायचे, "पाहा, हा बुध! म्हणून हा माणूस लिहिता झाला."

मी सातवी नापास. माझं तिथं काय काम? पण माझी ताई कविता लिहायची. तिचं पुस्तक त्याच वाचनालयात आहे. चार महिन्यांपूर्वी ती गेली. ताप काय आला, आठ दिवसांत घर रिकामं. त्या थोर लोकांच्या रांगेत तिचीही पत्रिका लागली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात.

मी ताडकन उठलो. "महाराज, माह्या ताईची मांडा! तेबी लेखिका व्हती."

"जन्मतारीख?"

तिचा शाळेचा दाखला मृत्यूच्या नोंदीसाठी काढला होता, तेव्हापासून तो माझ्या खिशातच. एक जून, सालासकट वाचून दाखवली.

"वेळ?"

वेळ कोणाला माहीत? दिलं ठोकून. "सकायचे सहा!"

पडद्यावर कुंडली उमटली आणि महाराज खुर्चीतून उठलेच हो! "वा! वाणीच्या घरात स्वतःच्या राशीचा बुध! असा लेखणीचा योग आज एकाही पत्रिकेत दिसला नाही."

टाळ्या! मी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरून हलवला. "माही ताई हाय, माही!"

"आणि आयुष्य पंच्याऐंशी वर्षांचं."

टाळ्या थांबल्या.

"महाराज," मी म्हणालो, "ताई गेली."

मागच्या रांगेतून आमचे शाळेतले म्हातारे गुरुजी उठले. "काऊन बे गण्या, एक जून सांगून राह्यला? ते तं शाळेत नाव घालतानी म्याच टाकली व्हती! तुही ताई दिवाळीतली." मग सभेकडे वळून म्हणाले, "एक जूनवाले, हात वर करा!"

अर्ध्या सभागृहाचे हात वर. शिपायाचासुद्धा.

"तूबी कर ना बे! ताईबिगर शाळेत येत नव्हता म्हणून दोघायचं नाव एकाच दिवशी घातलं. तारीख एक, सालबी एक!"

हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण दोन वर्षांनी मोठी बहीण माझ्याच साली, माझ्याच दिवशी कशी जन्मली, एवढा विचार करायला डोकं लागतं!

महाराज चाचरले. "मग हा लेखणीचा योग..."

"ह्याचा!" गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं. "गायीवरचा निबंध दीड ओळीत संपवला व्हता ह्यानं!"

सभा हसून लोळली. मी तापलो. "योग कोनाचाबी असो! ताईनं काय बुधाले इचारून लिवलं?"

कपाटातून तिचं पुस्तक ओढलं आणि उभ्या उभ्या एक कविता वाचली. चार ठिकाणी अडखळलो. कोणी हसलं नाही. संपल्यावर महाराजच हळूच म्हणाले, "अजून एक वाचा."

आता कागदोपत्री लेखणीचा योग माझा आणि पंच्याऐंशी वर्षंही माझीच. म्हटलं, लिहून तर पाहू. ताईनं हे एवढं चहाला उकळी येईस्तोवर लिहिलं असतं. मला नऊ दिवस लागले, आणि चहाची तीन पातेली जळली.