पाणी बेतानं प्या

मी अंगणवाडीत बाई आहे. म्हणजे वरनं काहीही आदेश आला की पळायचं मीच. इतक्या वर्षांत लई कंटाळले, पण सांगता कुणाला. होळी होऊन आठवडा झाला नव्हता, अन् लातूरला महिलांचा मेळावा निघाला. रेणापूरकडच्या आमच्या गावातनं गाडीभर बाया न्यायच्या होत्या. ऊन तर असं, की आत्ताच वैशाख येऊन बसलेला.

एक जागा भरंना, म्हणून शेजारच्या मावशीला धरलं. साठीची एकटी बाई, दारात एक देवणी गाय. तिला यायचंच नव्हतं. दुपारचं गाईला पाणी कोण दाखवील, म्हणाली. मंडपात पंखे असतात, दिवस मावळायच्या आत परत येऊ, असं मी रेटून सांगितलं. गाडीत बसताना सगळ्यांना नेहमीसारखंच बजावलं, "पाणी बेतानं प्या गं. तिथं सोय नसती." मेळाव्याला मंडप असतो, खुर्च्या असतात, हारतुरे असतात, बायांना लघवीला जायला आडोसा तेवढा नसतो. मलाही माझ्या आईनं हेच शिकवलेलं. घर सोडलं की नुसते ओठ ओले करायचे.

पाहुणे बाराला येणार होते. दोन वाजले तरी पत्ता नाही. पंखे होते, पण स्टेजकडं तोंड करून. पाण्याचे जार होते, खोटं कशाला बोलू. आमच्यातली एकही उठली नाही. मावशी डोक्यावर पदर ओढून गुमान बसलेली. मला वाटलं, शहाणी आहे, कटकट नाही.

मग ती बडबडायला लागली. गाय सुटली म्हणे, तिला पाणी दाखवा. बाया हसल्या. मीही हसले, त्याची अजून लाज वाटते. हात लावून बघितला तर अंग तव्यावानी, अन् घामाचा टिपूस नाही. उठवायला गेले तर खुर्चीवरनं घसरून खालीच आली.

जारमधलं पाणी तिच्या अंगावर ओतलं, चौघींनी उचलून रिक्षात घातलं, दवाखाना गाठला. सकाळपासून हिला पाणी का दिलं नाही, म्हणून डॉक्टरीणबाई माझ्यावर डाफरल्या. हिला काही झालं तर मी कोणत्या तोंडानं गावात जाऊ, एवढंच मनात. घरी फोन करून गाईला पाणी पाजायला सांगितलं. तेवढंच माझ्या हातात उरलं होतं.

दोन सलाईन गेल्यावर, दिवस कलताना तिनं डोळे उघडले. मला ओळखलं. मला रडूच कोसळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घोट घोट पाजा. मी गिलास ओठाला लावला, तर तिनं तोंड मिटून घेतलं अन् दाराकडं बघितलं.

"आधी बघ माय," ती म्हणाली, "हितं सोय हाय का?"

वॉर्डाच्या कोपऱ्यात संडास होता. मी उठून त्याचं दार उघडून दाखवलं. मग ती पाणी प्याली.