वरीलप्रमाणे

दत्तोजीराव चुकतात, असं म्हैसूरच्या आमच्या मराठी मंडळात आजवर कुणी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं. शाळेच्या ऑफिसात छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. सत्तरीत संगणक शिकले आणि मंडळाच्या वंशावळीच्या जुन्या वह्या एकट्यानं टाइप केल्या. एका माणसाची एक ओळ, अगदी मक्षिकास्थाने मक्षिका. 'ग्रेप' लिहून पुढे नाव टाकलं, की हजारो ओळींतून त्या नावाच्या तेवढ्याच ओळी पडद्यावर हजर. मग चष्म्यावरून आपल्याकडे बघणार. तो तोरा मला मुळीच आवडत नसे, पण माणूस लाखातला.

आमच्यात देवक, म्हणजे कुळाचं झाड, एकच निघालं तर लग्न होत नाही. झाडापायी पोरांची मनं मोडणं मला पटत नाही, पण विचारतो कोण! मंडळातल्या वनजाच्या लेकीनं, चैत्रानं, म्हैसुरातल्याच विजयनगर भागातल्या रक्षितला पसंत केलं होतं. त्याचं देवक कळंब. चैत्राचे वडील गेलेले, त्यांच्या घरचं देवक कुणाला आठवेना. दत्तोजीरावांनी तिच्या पणजोबांचं नाव शोधलं, गंगाधरराव. दोन ओळी आल्या. पहिली दुसऱ्याच गंगाधररावांची: 'देवक कळंब'. खाली पणजोबांची: 'देवक वरीलप्रमाणे'. झालं! लग्न जमत नाही, असं त्यांनी दोन्ही घरी फोनवर कळवून टाकलं.

चार दिवसांनी चैत्रा त्यांच्याकडे आली. रडून डोळे सुजलेले. मी तिथेच कॉफी पीत होतो.

"आजोबा, कुठल्या झाडानं माझं लग्न मोडलं, एकदा दाखवा की."

त्यांनी ओळ दाखवली. इंग्रजी शाळेत शिकलेली पोर, तिचं मराठी स्वयंपाकघरापुरतं. अडखळत वाचून तिनं विचारलं, "वरीलप्रमाणे... हे कुठलं झाड, आजोबा?"

मला हसू फुटलं. दत्तोजीराव हसले नाहीत.

"झाड नव्हे ग. वरीलप्रमाणे म्हणजे वरच्या ओळीत जे आहे..." बोलता बोलता ते थांबले. वरची ओळ पडद्यावरची होती, वहीतली नव्हे! मधल्या साडेआठशे ओळी ग्रेपनं गाळल्या होत्या.

सापडलेल्या ओळीच्या आधीच्या तीन ओळीही दिसाव्यात म्हणून त्यांनी नावाआधी -B 3 टाकलं. पणजोबांच्या वर त्यांचा भाऊ: वरीलप्रमाणे. त्याच्या वर थोरला भाऊ: वरीलप्रमाणे. त्याच्या वर वडील: बन्नी.

"बन्नी! शमी ग, कळंब नव्हेच!" दत्तोजीरावांनी नातीच्या वयाच्या मुलीपुढे हात जोडले. "तप्पु माझा, पोरी. मीच चुकलो." मला ते बघवेना.

चैत्रानं त्यांचे हात धरले आणि तीही कानडी मिसळत म्हणाली, "बिडी, आजोबा, सोडा ते. आधी त्यांना फोन लावा."

"मोडलं फोनवर," ते म्हणाले, "जोडायला मीच जातो."

स्कूटरवर मागे मी बसलो. रक्षितच्या वडिलांनी दार उघडलं, तेव्हा चपला काढायच्या आधीच दत्तोजीराव म्हणाले, "तप्पु माझा."