पौषातलं पाणी

जत तालुक्यातल्या आमच्या गावाला बांधावर फड्या निवडुंग इतका, की शेळीसुद्धा त्याच्याकडं मान वळवत नाही. अशा गावात हरणाबाईनं निवडुंग घरात, खिडकीत ठेवला होता. मुठीएवढा, गोल, पांढऱ्या लवेचा. साईराजनं आणला म्हणून.

साईराज तिचा एकुलता मुलगा, फौजेत. दोन वर्षांमागं राजस्थानातून सुट्टीवर येताना त्यानं दोन सारख्या कुंड्या आणल्या. एक आईला, एक काकूला. हरणाबाईच्या मनात तिथंच कुसळ रुतलं. दोन्ही सारख्या कशाला?

काकू म्हणजे अंजना, हरणाबाईची धाकटी जाऊ. माहेर शिराळ्याकडचं, पोटी मूल नाही, घर भिंतीला भिंत लावून. साईराज लहान असताना हरणाबाई दिवसभर रानात, आणि पोर अंजनाच्या कडेवर. तिन्हीसांजेला आई हात पुढं करायची, तर पोर काकूच्या मानेत तोंड लपवायचं. ते तिला अजून आठवायचं. भाकरी थापताना, मधेच.

परत जाताना साईराज दोघींना म्हणाला होता, "थंडीत त्येला पाणी दिऊ नगा. झोपतंय ते. शिवरात झाली की परातीत बोटभर पाणी घ्यायचं आन् कुंडी त्यात ठेवायची. बुडातनं पितंय. वरची माती वली झाली की काढायची. मग वाळंपातूर हात लावायचा न्हाई."

अंजनानं तसंच केलं. हरणाबाईला ते जमलं नाही. आमच्याकडं टँकर आला की आधीचं शिळं पाणी काढून भांडी ताज्यानं भरतात, आणि ते शिळं पाणी कुणी गटारात ओतत नाही. ते झाडाचं. जन्म टँकरमागं धावण्यात गेलेल्या बाईला समोरची जित्ती वस्तू तहानलेली बघवेना. दर टँकरला ती ओंजळभर घालतच राहिली. गुढीपाडव्याला साईराज आला तेव्हा तिचा निवडुंग एका अंगानं मऊ पडून कलला होता, आणि अंजनाच्या निवडुंगाच्या माथ्यावर गुलाबी फुलांचं कडं उमललं होतं.

"काकू जिकली की, आई," साईराज हसत म्हणाला.

"बांधावर फुकाट हाय ते," हरणाबाईचा नवरा आकाराम म्हणाला. "आन् ह्या दोगींनी त्येची शर्यत लावलीया."

हरणाबाई हसली नाही. जगायला काय लागतं ते तिला कळलं होतंच. मरायला काय लागतं तेही कळलं.

पुढच्या थंडीत तिनं आपल्या कुंडीला थेंब दाखवला नाही. कललेलं अंग हळूहळू सावरलं. आणि पौषात, अंजना बचत गटाच्या बैठकीला गेली की ही शिळ्या पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या सोप्यात शिरायची. दार नुसतं लोटलेलं असायचं. खिडकीतल्या झोपलेल्या निवडुंगावर तांब्या पालथा करायची. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी फाटकाची कडी वाजली, तशी ती मागल्या दारानं निसटली. संध्याकाळी पाणी प्यायला हात पुढं गेला आणि तिला आठवलं. तांब्या खिडकीतच राहिला होता. लग्नातला तांब्या, पोटावर नाव कोरलेलं, 'सौ. हरणाबाई'.

दुसऱ्या दिवशी ती विरजण मागायच्या निमित्तानं गेली. खिडकीत तांब्या नव्हता. अंजनानं विरजण दिलं. वाटीवर ताटली झाकली आणि चुलीकडं वळली.

शिवरात्र झाली. हरणाबाईनं परातीत बोटभर पाणी घेतलं, कुंडी ठेवली, माती काळी झाल्यावर काढली. पंधरा दिवसांत माथ्यावर कळ्यांची रांग फुटली. भिंतीपलीकडं अंजनाचा निवडुंग बुडातून नासला. तिनं वरचा चांगला शेंडा कापला, कापल्या जागी राख लावली आणि तो सुपात, सावलीला वाळत ठेवला. मग कुंडीतल्या कोरड्या वाळूमातीत खोचला.

पाडव्याला साईराज आला. "लय भारी, आई," म्हणत त्यानं फुलांचा फोटो काढला. मग पलीकडं गेला आणि दुपारभर काकूजवळ, त्या शेंड्यापुढं उकिडवा बसून राहिला. भिंतीतून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. हरणाबाई आपल्या फुलांकडं बघत बसली. एवढी फुलली, आणि पोर आजाऱ्याच्या उशाला.

जाताना तो म्हणाला, "आई, काकूच्या शेंड्याला मुळ्या फुटल्यात. त्येला पयलं पाणी तूच घाल. तुझ्या हाताला गुण हाय."

हरणाबाईला त्याच्या तोंडाकडं बघवलं नाही.

तो गेला त्याच दिवशी अंजना दारात आली. काखेत शेंड्याची कुंडी, हातात तांब्या. काठोकाठ भरलेला.

"आक्का, तुमचा तांब्या. दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं? म्हणून पाणी घातलं. शिळंच हाय, तुमी आणलं व्हतं तसं."

हरणाबाईनं तांब्या हातात घेतला. "साईराजला..."

"त्येला कशापायी सांगायचं? त्यो आईची फुलं बघाय आला व्हता."

हरणाबाईनं परात ओढली. तांब्यातलं बोटभर पाणी ओतलं, कुंडी ठेवली. दोघी समोरासमोर बसल्या. आपण तिच्या जागी असतो तर पाडव्यालाच, साईराजच्या देखत, हा तांब्या अंगणात आपटला असता. ही अडीच महिने गप्प राहिली. हरणाबाईला आता तिच्या त्या गप्प राहण्याचाही हेवा वाटला.

माती कडेनं काळी होत मध्याकडं सरकली.

"काढा आता," अंजना म्हणाली.

"मला कळतंय," हरणाबाई म्हणाली, आणि दोन्ही हातांनी कुंडी अलगद उचलली.